होसूर रस्त्यावरची थंड सकाळ : मोटार सुरू न होण्याचा इतिहास

बंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका ११ ऑगस्ट २०२५ रोजी प्रवाशांसाठी खुली झाली. आर. व्ही. रोडपासून निघालेली ही सुमारे १९ किलोमीटरची मार्गिका शहराच्या दक्षिण टोकाला बोम्मसंद्रा येथे संपते. बातम्यांत या स्थानकाचा उल्लेख औद्योगिक वसाहतीचे प्रवेशद्वार असा झाला आणि तो योग्यच होता. मात्र मोटारीच्या इतिहासाच्या अभ्यासकाला बोम्मसंद्रा हे नाव आणखी एका कारणाने परिचित असते. याच वसाहतीत ‘रेवा’ ही छोटी विद्युत मोटार तयार होत असे आणि २००१ मध्ये ती भारतीय बाजारात आली. या मोटारीत चोक नव्हता, स्पार्क प्लग नव्हता, कार्बोरेटर नव्हता. पहाटेच्या गारव्यात ती सुरू होण्यास कुरकुरत नसे आणि सिग्नलवर उभी असताना थरथरत नसे, कारण उभी असताना तिच्यात काहीच फिरत नसे.

शंभराहून अधिक वर्षे मोटारचालकांना आणि मिस्त्रींना छळणारे दोन विकार या मोटारीने असे एका फटक्यात वगळले. पहिला विकार म्हणजे थंड इंजिन सुरू न होणे आणि दुसरा म्हणजे सुरू झालेले इंजिन उभ्या गाडीत अडखळत, धडपडत चालणे. गॅरेजच्या भाषेत दुसऱ्याला ‘मिसिंग’ म्हणतात. हे विकार समजून घेतले की मोटारीच्या इतिहासातील अनेक वळणे उलगडतात आणि त्यांतील एक वळण तर चमत्कारिक आहे. ज्या शोधाने पेट्रोल मोटारीची पहिली अडचण दूर केली, त्याच शोधाने विद्युत मोटारीला जवळजवळ ९० वर्षे मागे ढकलले.

आधी विकाराचे मूळ पाहू. पेट्रोल हे द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत पेट्रोलची वाफ आकारमानाने साधारण दीड ते साडेसात टक्के असेल, तरच ठिणगीने मिश्रण पेट घेते. वाफ याहून कमी असली तर ठिणगी वाया जाते आणि अधिक असली तरीही वाया जातेच. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यातील हलके घटक तीस-पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतात, तर जड घटकांना दोनशे अंशांपर्यंतचे तापमान लागते. तापलेल्या इंजिनात हे सर्व घटक वाफ होऊन सिलिंडरमध्ये जातात. थंड इंजिनात मात्र फक्त हलके घटक उडतात आणि उरलेले पेट्रोल नळीच्या व सिलिंडरच्या थंड भिंतींवर थेंबांच्या रूपाने बसून राहते. कागदावर मिश्रणाचे प्रमाण बिनचूक असते, म्हणजे वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, पण ठिणगीच्या जवळ पोहोचलेले प्रत्यक्ष मिश्रण फारच विरळ असते.

यावरचा उपाय सोपा आणि उधळा आहे. पेट्रोलचा थोडाच भाग वाफ होणार असेल, तर मुळात पेट्रोलच जास्त द्यावे. चोक नेमके हेच करतो. कार्बोरेटरच्या तोंडावरची पाकळी हवेची वाट अडवते, आतील निर्वात वाढतो आणि त्या ओढीने पेट्रोल अधिक प्रमाणात खेचले जाते. न जळलेला भाग धुराड्यातून बाहेर पडतो किंवा सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली उतरतो. म्हणून चोक ओढून ठेवलेली गाडी काळा धूर सोडते, पेट्रोलचा वास मारते आणि दीर्घकाळ तसे चालल्यास तिचे इंजिन लवकर झिजते.

परंतु मिश्रण पेटण्याआधी इंजिन कोणीतरी फिरवावे लागते. अंतर्ज्वलन इंजिनाची ही मूलभूत उणीव आहे. स्थिर असताना त्यात कोणतेही बळ नसते, कारण हवा ओढणे, दाबणे आणि पेटवणे ही सर्व कामे त्याला स्वतःच्या गतीतूनच करावी लागतात. वाफेचे इंजिन किंवा विद्युत मोटर स्थिर अवस्थेतून पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोल इंजिनाला ते जमत नाही. उभ्या गाडीतही ते फिरतच ठेवावे लागते, याचे कारणही हेच. ‘आयडलिंग’ ही चालकाची चैन नव्हे, ती यंत्राची अगतिकता आहे.

सुरुवातीच्या काळात हे फिरवण्याचे काम माणसाच्या दंडाने होई. गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून ते झटक्याने वर ओढावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर पिस्टन उलटा फिरे आणि हँडल त्याच वेगाने माघारी येऊन मनगट वा हात मोडे. अंगठा हँडलभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवावा, हा धडा नव्या चालकाला सर्वांत आधी मिळे. थंडीच्या दिवशी घट्ट झालेले तेल आणि न पेटणारे मिश्रण यांमुळे हे हँडल पुन्हा पुन्हा मारावे लागे आणि धोका तितक्या पटीने वाढे. १९०० मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी पेट्रोलच्या मोटारी हजारांहूनही कमी होत्या. बाकीच्या वाफेच्या आणि विजेच्या होत्या. विजेची मोटार शांत होती, स्वच्छ होती आणि मुख्य म्हणजे ती बसल्या जागी सुरू होत असे.

हे चित्र बदलले ते चार्ल्स केटरिंग या अभियंत्यामुळे. ओहायोतील डेटन येथे रोख-नोंद यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात त्याने ती यंत्रे विजेवर चालवण्यासाठी लहान मोटर तयार केली होती. त्या कामातून एक महत्त्वाची गोष्ट त्याच्या हाती लागली. मोटर सतत चालवायची असेल तर ती मोठी लागते, कारण ती तापते. काही सेकंदांपुरतीच चालवायची असेल, तर लहान मोटरवर कितीतरी अधिक भार टाकता येतो, कारण ती तापण्यापूर्वी काम संपलेले असते. इंजिन सुरू करायला काही सेकंदच पुरतात. १९११ मध्ये केटरिंगने मोटारीसाठी विद्युत स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवला गेला.

या शोधाने पेट्रोल मोटार कोणालाही चालवता येण्याजोगी झाली आणि विजेच्या मोटारीचा सर्वांत मोठा गुण तिच्यापासून हिरावला गेला. स्वस्त पेट्रोल, लांबचे पल्ले आणि साखळी पद्धतीने होणारे उत्पादन ही कारणेही होतीच. तरीही एक विद्युत मोटर आणि एक बॅटरी पेट्रोल गाडीत शिरली आणि विद्युत गाडी बाजारातून बाहेर पडू लागली, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

केटरिंगची आणखी एक खूण भारतीय गॅरेजमध्ये आजही सापडते. त्याने स्थापन केलेल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांपासून ‘डेल्को’ हे नाव तयार झाले. कॉइल आणि पॉइंटवर चालणारी बॅटरीची प्रज्वलन-रचनाही तिथेच विकसित झाली. ठिणगी क्रमाने प्रत्येक सिलिंडरकडे पाठवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला मराठी मिस्त्री आजही ‘डेल्को’च म्हणतात. कंपनीचे नाव भागाला चिकटले आणि कंपनी विस्मरणात गेली.

भारतात मोटार तयार करण्याच्या प्रयत्नांचा धागा बंगळुरूलाही बांधलेला आहे आणि मुंबईलाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात कारकीर्द सुरू केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात युरोप-अमेरिकेचा दौरा करून देशी मोटार कारखान्याची योजना मांडली. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली आणि क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. युद्धकाळात ब्रिटिश सरकारने या योजनेला पाठबळ दिले नाही. वालचंदांच्याच पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत विमानांचा कारखाना मात्र उभा राहिला, तोच पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाला. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला निघाला. पुढे फियाटच्या सहकार्याने तिथे १,०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची मोटार तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईची ओळख बनली.

पद्मिनी हे थंड सुरुवातीच्या विकारांचे चालतेबोलते पाठ्यपुस्तक होते. मुंबईत थंडी नावापुरतीच, तरी पावसाळ्यात सकाळी टॅक्सी सुरू होईना, असे अनेकदा घडे. कारण गारवा नव्हे, दमटपणा होता. डेल्कोच्या टोपीवर आणि प्लगच्या वायरींवर बाष्पाचा पातळ थर बसला की हजारो व्होल्टचा दाब त्या ओलसर पृष्ठभागावरूनच गळून जाई आणि प्लगच्या टोकापर्यंत ठिणगी उडवण्याइतका दाब पोहोचतच नसे. जाणता चालक बॉनेट उघडून टोपी काढी, कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसे आणि मग सेल्फ मारी. बॅटरी उतरलेली असेल तर चार माणसे धक्का देत. मुंबई आणि उत्तर भारतातील हिवाळी शहर यांत एकच तक्रार असूनही कारणे अशी निराळी असत.

बंगळुरूत तिसरीच गोष्ट घडे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तिथला हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे नऊ-दशांश असतो. कार्बोरेटरमध्ये हवेचा प्रवाह हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, पेट्रोलच्या प्रवाहावर मात्र या घनतेचा तसा परिणाम होत नाही. तापमान सारखे धरले, तर दाब १० टक्क्यांनी घटल्यावर हवेचे पेट्रोलशी प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी घसरते. म्हणजे मुंबईत नीट जुळवलेला कार्बोरेटर बंगळुरूच्या पठारावर आपोआप ‘श्रीमंत’ मिश्रण देऊ लागतो. गाडी धावताना हा फरक फारसा जाणवत नाही. उभ्या गाडीत मात्र इंजिन जडपणे, गडगडत चालते आणि प्लगवर काजळी धरते. त्यात सकाळी चोक थोडा जास्त वेळ ओढून ठेवला की प्लग पेट्रोलने भिजतात आणि सेल्फ कितीही मारला तरी इंजिन पेटत नाही. बंगळुरूतील आजवरचे नीचांकी तापमान ७.८ अंश सेल्सिअस आहे, १३ जानेवारी १८८४ रोजी नोंदवलेले. एवढ्या सौम्य हवेच्या शहरात सुरुवातीच्या तक्रारींमागे गारव्याइतकाच उंचीचाही हात असू शकतो, हे दाबाच्या या साध्या गणितातून कळते.

याच शहरात होसूर रस्त्यावर आडुगोडी येथे ‘मायको’ या नावाने ओळखला जाणारा कारखाना १९५० च्या दशकात सुरू झाला. १९५१ मध्ये स्थापन झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी ही जर्मनीच्या बॉश समूहाशी जोडलेली होती आणि २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. स्पार्क प्लग आणि डिझेल इंजिनांचे इंधनपंप हे तिचे आरंभीचे मुख्य उत्पादन. देशभरातील गॅरेजच्या भिंतींवर ‘मायको’ ही अक्षरे दिसू लागली ती तेव्हापासून.

अडखळत चालणाऱ्या इंजिनाचे निदान कसे होई, हे पाहणे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला विशेष बोधक आहे. चार सिलिंडरचे इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. चारही मिळून सेकंदाला सुमारे २७ धक्के देतात. हे धक्के एकमेकांत मिसळून एकसंध गुणगुण ऐकू येते. एक सिलिंडर निकामी झाला की सेकंदाला सहा-सात वेळा एक धक्का हुकतो आणि शरीराला स्पष्ट जाणवणारी संथ थरथर सुरू होते. वेग वाढवला की ती विरते. म्हणून हा दोष नेमका उभ्या गाडीतच बोलका होतो.

दोषी सिलिंडर शोधण्यासाठी मिस्त्री प्लगच्या वायरी एकेक करून काढी. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिनाचा आवाज खाली बसे. ज्या सिलिंडरची वायर काढूनही काहीच फरक पडत नसे, तोच आजारी. एका वेळी एकच घटक बदलावा आणि परिणाम पाहावा, हे प्रयोगाचे मूलतत्त्व गॅरेजमध्ये असे रोज वापरले जाई. त्यानंतर प्लग बाहेर काढून त्याचा रंग पाहिला जाई. फिकट तपकिरी रंग म्हणजे मिश्रण ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरकी छटा म्हणजे पेट्रोल कमी आणि तेलकट काळेपणा म्हणजे रिंगा झिजून तेल वर चढत आहे. चारही प्लग सारखेच काळे असतील तर दोष कार्बोरेटरचा, एकच काळा असेल तर त्या सिलिंडरचा.

दुसरा शत्रू होता हवेची चोरवाट. उभ्या गाडीत हवेची मुख्य झडप जवळजवळ बंद असते आणि इंजिनाच्या नळीत बाहेरच्या तुलनेत एक-तृतीयांशाच्या आसपासच दाब असतो. गॅस्केटला बारीकशी चीर पडली किंवा रबरी नळी तडकली, तरी तिच्यातून हवा जोराने आत घुसते. धावत्या इंजिनाला लागणाऱ्या हवेपुढे ही गळती नगण्य असते, उभ्या गाडीत मात्र ती मिश्रण पार बिघडवते. मिस्त्री कान लावून शिट्टीसारखा बारीक आवाज शोधे. ठिणगी, पेट्रोल, हवा आणि दाब या चार प्रश्नांच्या क्रमाने तो जवळजवळ प्रत्येक गाडीचे निदान करी. ही विद्या पुस्तकांत क्वचितच उतरली. ती पान्याबरोबर वस्तादाच्या हातून शागिर्दाच्या हाती गेली.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस हा सारा व्यवहार बदलला आणि बदलामागे न्यायालय व प्रदूषण होते. १९९५ पासून चार महानगरांत पेट्रोलच्या नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक बंधनकारक झाला. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरासाठी नव्या मोटारींना कडक उत्सर्जन मानके लागू केली. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. कार्बोरेटरला एवढा काटेकोरपणा जमणारा नव्हता. मारुती ८०० सारख्या सर्वसामान्यांच्या गाडीतही २००० च्या सुमारास संगणकनियंत्रित इंधन-अंतःक्षेपण आले. चोकची खुंटी डॅशबोर्डवरून नाहीशी झाली.

नव्या रचनेत गारवा ओळखण्याचे काम चालकाच्या अंदाजाकडून एका छोट्या उष्मारोधकाकडे गेले. शीतक पाण्यात बुडवलेला हा भाग थंड असताना अधिक विद्युतरोध दाखवतो, तापल्यावर कमी. त्यावरून संगणक इंधनाची मात्रा ठरवतो. धुराड्यात बसवलेला प्राणवायू-संवेदक मिश्रण श्रीमंत आहे की विरळ, हे सांगतो. झिर्कोनियाच्या घन विद्युतअपघटनी घटाचे त्याचे तत्त्व जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांच्या १८८९ च्या समीकरणाशी जोडलेले आहे. मात्र हा संवेदक सुमारे ३०० अंशांवर तापल्याखेरीज नीट बोलत नाही आणि उत्प्रेरकही साधारण २५० ते ३०० अंशांच्या आसपासच कामाला लागतो. म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत संगणक आंधळा असतो, उत्प्रेरक झोपलेला असतो आणि इंजिन मुद्दाम जास्त पेट्रोल पीत असते. आधुनिक मोटारीच्या चाचणीत न जळलेल्या हायड्रोकार्बनांचा बहुतांश भाग याच काळात बाहेर पडतो. युरोपात २००० पूर्वीच्या चाचणीत पहिल्या ४० सेकंदांचा धूर मोजलाच जात नसे. तो मोजायला लागल्यावर थंड सुरुवात ही चालकाची गैरसोय न राहता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाली.

दोषही बदलले. उष्मारोधक बिघडून ‘इंजिन गरम आहे’ असे खोटे सांगू लागला, तर सकाळी गाडी सुरू होत नाही. ‘थंड आहे’ असे सांगत राहिला, तर ती दिवसभर पेट्रोल उधळते. हवेच्या झडपेवर काजळी धरली की उभ्या गाडीत फेरे वरखाली होतात. लक्षणे जुनीच राहिली आणि कारणे तारांत व आकड्यांत शिरली. संगणक दोषाचा संकेतांक देतो. हा संकेतांक बिघडलेला भाग सांगतो असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो फक्त संगणकाला काय विसंगत दिसले तेवढेच सांगतो. मिसिंगचा संकेतांक प्लगमुळे येऊ शकतो, कॉइलमुळे येऊ शकतो, हवेच्या चोरवाटेमुळे येऊ शकतो. निर्णय पुन्हा त्या चार प्रश्नांनीच करावा लागतो. यंत्र वाचणारा मिस्त्री आणि केवळ भाग बदलणारा मिस्त्री यांत फरक पडतो तो इथेच, आणि त्याची किंमत ग्राहकाच्या खिशातून जाते.

या पार्श्वभूमीवर बोम्मसंद्र्याची मोटार पाहावी. आडुगोडीच्या प्लगच्या कारखान्यापासून त्याच होसूर रस्त्याने वीसेक किलोमीटर दक्षिणेला गेले की ही वसाहत लागते. मैनी समूह आणि कॅलिफोर्नियातील अमेरिगॉन यांच्या सहकार्याने १९९४ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाचे तंत्रनेतृत्व चेतन मैनी यांच्याकडे होते. मिशिगन विद्यापीठात शिकताना त्यांनी १९९० च्या सौर मोटार शर्यतीतील संघात काम केले होते. रेवामध्ये प्रत्येकी ६ व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या, एकूण ४८ व्होल्ट. एका भरणीत ती सुमारे ८० किलोमीटर जाई. लंडनमध्ये २००३ पासून शहरमध्यात गर्दीशुल्क सुरू झाले आणि विद्युत मोटारींना त्यातून सूट मिळाली, तेव्हा ‘जी-विझ’ या नावाने ही बंगळुरूची मोटार तिथल्या रस्त्यांवर दिसू लागली. जगभरात तिची विक्री चार हजारांहून थोडी अधिक झाली. २०१० मध्ये महिंद्राने कंपनीतील ५५.२ टक्के हिस्सा घेतला, २०१२ मध्ये बोम्मसंद्र्यात वर्षाला ३०,००० मोटारींच्या क्षमतेचा नवा कारखाना उघडला आणि २०१३ मध्ये लिथियम-आयन बॅटरीची ‘ई-टू-ओ’ बाजारात आली.

संख्येच्या हिशेबाने हे यश मोठे नव्हते. तरी केटरिंगच्या स्टार्टर मोटरचा प्रवास इथे एक वर्तुळ पूर्ण करतो. १९१२ मध्ये जी मोटर इंजिनाला जागे करून बाजूला होत असे, ती इथे थेट चाकांना जोडली गेली आणि जागे करण्यासाठी इंजिनच उरले नाही. स्थिर अवस्थेतून पूर्ण जोर देणाऱ्या यंत्राला आयडलिंगची गरज नाही.

गारवा मात्र हटला नाही. शिसे-आम्ल बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात, अंतर्गत रोध वाढतो आणि शून्य अंशाजवळ तिची उपयोगी क्षमता पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहून अधिक घटते. पेट्रोल मोटार आपली वाया जाणारी उष्णता प्रवाशांना फुकट देते, विद्युत मोटारीला ती उष्णताही बॅटरीतूनच काढावी लागते. लंडनच्या हिवाळ्यात जी-विझ हमखास सुरू होई, पण तिचा पल्ला आखडे. पेट्रोलच्या वाफेत असलेला गारव्याचा प्रश्न आता विद्युतअपघटनीत गेला होता.

आणि पेट्रोलच्या बाजूलाही तो संपलेला नाही. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले. महाराष्ट्रातील ऊस आणि साखर कारखाने या धोरणाशी थेट जोडलेले आहेत. इथेनॉल हा एकच पदार्थ असल्याने तो ७८ अंशांना उकळतो. पेट्रोलसारखे सहज उडणारे हलके घटक त्यात नसतात. वाफ होताना तो पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषतो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी दाट असते, शुद्ध इथेनॉलची मात्र सुमारे १३ अंशांखाली तितकी दाट होत नाही. बंगळुरू किंवा पुण्याच्या हिवाळी पहाटे तापमान नेमके याच पातळीला येते वा तिच्याही खाली जाते. २० टक्के मिश्रणात उरलेल्या ८० टक्के पेट्रोलचे हलके घटक सुरुवातीचे काम निभावून नेतात, म्हणून इथे अडचण मोठी नाही. प्रमाण ८५ किंवा १०० टक्क्यांकडे नेण्याचा विचार होतो, तेव्हा ती समोर उभी राहते. ब्राझीलने १९७९ मध्ये फियाट १४७ या मोटारीपासून शुद्ध अल्कोहोलवर गाड्या चालवल्या, तेव्हा थंड सकाळी इंजिन पेटवण्यासाठी त्यांत पेट्रोलची एक छोटी टाकी वेगळी ठेवावी लागली होती. पुढे इंधन आधी तापवून देण्याची युक्ती आली.

मुंबईतील शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. तिच्याबरोबर चोकची खुंटी, डेल्कोवरचे फडके आणि प्लगच्या रंगावरून होणारे निदान हेही हळूहळू विस्मरणात जात आहे. येत्या दशकात रस्त्यावर जुन्या पेट्रोल गाड्या, इथेनॉलच्या गाड्या आणि विद्युत गाड्या एकाच वेळी असतील. थंड सकाळी त्या तिघींच्या तक्रारी वेगळ्या असतील, कारण गारवा एकीच्या वाफेवर, दुसरीच्या सुप्त उष्णतेवर आणि तिसरीच्या विद्युतअपघटनीवर परिणाम करील. त्या तक्रारी ऐकणाऱ्याला संगणकाचा संकेतांक वाचता यावा लागेल. त्याबरोबरच एका वेळी एकच वायर काढून इंजिनाचा आवाज बसतो का, हे ऐकण्याचा धीरही त्याच्यापाशी असावा लागेल.